चांदण्यांची बेरीज

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी पी. बाबा बरे आहेत. म्हणजे मागच्या आठवड्यात जितके बरे होते तितकेच. आत्ता ते माझ्यासमोर बसून टेबलाच्या खणाचे स्क्रू नखाने पिळून बघताहेत, कारण स्क्रूड्रायव्हर मी लपवून ठेवलाय. फोन सोडून हे पत्राचं काय काढलं, असं तू म्हणशीलच. अरे, फोनवर तू ‘काय गं ताई, सगळं ठीक ना?’ विचारतोस, मी ‘हो रे’ म्हणून मोकळी होते, आणि मग आपण दोघं हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवतो. कागदावर तसं निसटता येत नाही. शिवाय मला जरा सविस्तर सांगायचंय, आणि तू मध्येमध्ये बोलतोस. तेव्हा चहा करून घे आणि निवांत बस.

आमच्या कचेरीतर्फे गावात एक दिवसभराचं केंद्र सुरू होणार, हे तुला तुकड्यातुकड्याने सांगितलंच आहे. ज्यांना घरी एकटं ठेवता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना सकाळी तिथे सोडायचं आणि संध्याकाळी घरी न्यायचं. तिथे त्यांच्याकडे बघायला माणसं असतील, दुपारी आडवं व्हायला खाटा असतील, आणि घरातल्या माणसाला कामावर जाता येईल. यंदा पैसे एकाच केंद्रापुरते आहेत. ते गावात कुठे काढायचं हे ठरवते समिती, पण समिती बघते माझ्या तक्त्याकडे. आणि ते आपल्या गल्लीसमोर, जुन्या पोस्टाच्या तळमजल्यावर होणार, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालास, ‘सुटलीस गं बाई!’ आणि मीही म्हणाले, ‘सुटले.’ त्या सुटकेचं पुढे काय झालं ते आज तुला सांगायचंय.

आधी बाबांचं सांगते, कारण फोनवर मी ते नेहमी गाळते. तू गेल्या वेळी आलास तेव्हा ते तुझ्यासमोर शहाण्यासारखे वागले. पाहुण्यांपुढे ते तसेच वागतात, आणि तू आता पाहुणा झालायस, रागावू नकोस. एरवी त्यांचं सगळं लक्ष आपल्या लिफ्टवर असतं. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे बाकी सगळं पुसलं गेलं तरी तेवढं राहिलंय. दार उघडं दिसलं की ते बाहेर, आणि बाहेर गेले की लिफ्टमध्ये. मध्यंतरी भाजी चिरायच्या सुरीने त्यांनी बटणांची पाटी उचकटली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत ते आणि पाचव्या मजल्यावरच्या शिक्षिका. त्या बिचाऱ्या घामाघूम झाल्या होत्या आणि बाबा त्यांना धीर देत होते की घाबरू नका, मी या कंपनीचाच माणूस आहे. सगळे हसले, मीही हसले. नंतर न्हाणीघरात जाऊन रडले. अधूनमधून ते मला सोसायटीची सेक्रेटरी समजतात आणि म्हणतात, ‘बाई, तुमची तक्रार लिहून घेतलीय, उद्या माणूस पाठवतो.’ मीही ‘बरं’ म्हणते.

मी कचेरीत जाते त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मावशी बाबांजवळ येऊन बसतात. बाकीचे दिवस साहेबांनी मला घरून काम करायची सवलत दिलीय. हे कधीपर्यंत चालणार याची टांगती तलवार सतत डोक्यावर होती, म्हणून केंद्राचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी अक्षरशः झडप घातली. साहेबांना वाटलं, बाईंना कामाची आवड आहे.

आता कामाचं ऐक. कंटाळा येईल, पण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुठल्या भागात अशी माणसं किती, हे जनगणनेतूनच कळतं. पूर्वी जाडजूड पुस्तकं यायची, एका मुठीत मावायची नाहीत, पण उघडली की आकडा समोर असायचा. आता सगळं साइटवर आहे. नकाशा येतो, त्यावर आपला गाव शोधायचा, गावातले गट निवडायचे, मग प्रश्न निवडायचे, मग ती साइट विचार करत बसते. गट म्हणजे जनगणनेचा सगळ्यात छोटा तुकडा, एका गणकाने दारोदार फिरून मोजायचा. मला हवं होतं ते साधंच: वय झालेलं माणूस, रोजच्या कामात मदत लागणारं, आणि घरात कमावतं माणूस एकच. साइटला एका वेळी दोनच प्रश्न एकत्र विचारता येतात. वय आणि मदत विचारलं तर उत्तर मिळतं, वय आणि कमावती माणसं विचारलं तरी मिळतं. तिन्ही एकदम विचारले की ती तोंड फिरवते. तुझी बायको, आपली बाईसाहेब नाही का, दोन कामं सांगितली तर करते आणि तिसरं सांगितलं की डोकं धरून झोपते, तसं. (हे तिला वाचून दाखवू नकोस.)

वर एक जाच आहे. थोडा वेळ माउस हलला नाही की ती आपल्याला बाहेर काढते. कल्पना कर, गावातले सगळे गट एकेक करून टिचकी मारून निवडलेत, वयाचे रकाने लावलेत, आणि आतून बाबांची हाक येते. बाबांना धुवायचं, कपडे बदलायचे, चादर बदलायची, त्यांनी पुन्हा तेच विचारलं की पुन्हा तेच सांगायचं. परत येऊन बघावं तर पडद्यावर पाटी: आपण बराच वेळ काहीच न केल्यामुळे आपल्याला बाहेर काढण्यात आलं आहे. बराच वेळ काहीच न केल्यामुळे! मी त्या पाटीला मोठ्याने शिव्या दिल्या. बाबा आतून म्हणाले, ‘शिव्या देऊ नका, माणूस येतोय.’ मग पुन्हा पासवर्ड, पुन्हा नकाशा, पुन्हा पहिल्या गटापासून सुरुवात. या साइटवर मी जेवढे गट निवडले असतील तेवढ्या पोळ्यांची कणीक आईने उभ्या जन्मात मळली नसेल.

आणि आकडे तरी कधीचे? मोजणी झाली तेव्हा आई होती, आणि बाबा ठणठणीत होते. तो गणक आपल्या दारात आला होता ते मला चांगलं आठवतंय. बाबांनी त्याला खुर्ची दिली, स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सगळ्यांची उत्तरं स्वतःच दिली, आईला तोंड उघडू दिलं नाही. रोजच्या कामात कुणाची मदत लागते का, असं त्याने विचारल्यावर बाबा म्हणाले, ‘मला मदत? अहो, अर्ध्या गावाला मी वर चढवलंय!’ त्याने हसून ‘नाही’ लिहिलं. तेव्हा साइटवर आपल्या गटाचा आकडा बघताना मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. त्या आकड्यात आपलं घर नाही. ज्याच्यासाठी मी जिवाचा आटापिटा करत होते तो माणूस जनगणनेच्या हिशेबी धडधाकट आहे.

त्यात त्या चांदण्या. एखाद्या गटात अशी माणसं अगदी थोडी असली तर साइट आकडा दाखवत नाही, त्या जागी एक चांदणी दाखवते. चार घरांच्या बोळात ‘एक’ असा आकडा दिसला तर तो कोण हे सगळ्यांना कळणार, म्हणून ही झाकपाक. नियम चांगलाच आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण माझा तक्ता चांदण्यांनी भरून गेला. साहेब येताजाता विचारायचे, ‘काय बाई, मोजून झाल्या का चांदण्या?’ मी म्हणायचे, ‘ढग आलेत.’ असे विनोद करत करत मी वय आणि मदत एवढ्या दोनच प्रश्नांवर भागवून तो तक्ता उतरवून घेतला, शीटमध्ये टाकला, भागवार बेरजा केल्या, आणि बेरजेत आपला भाग पहिला आला. आपल्या उंच इमारती, प्रत्येक मजल्यावर एखादं म्हातारं माणूस, आकडा मोठा येणारच. मी साहेबांना तक्ता दाखवला. त्यांनी वरवर चाळून मान डोलावली. जुन्या पोस्टाचा तळमजला रिकामा होताच.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. तुला आठवतंय ना, त्याच्या आधी तू म्हणाला होतास की बाबांना आमच्याकडे ठेवू, पोरीची, चिमणीची खोली रिकामी करतो, तिची व्यवस्था बाहेरच्या खोलीत लावू. बोलताना तुझा आवाज जरा दबलेला होता, शेजारी बाईसाहेब असाव्यात. तरी तू म्हणालास, हे मी विसरणार नाही. आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, काही गरज नाही, आता सगळी सोय इथेच होतेय. मग चिमणीने त्या खोलीची भिंत जांभळी रंगवल्याचा फोटो तू पाठवलास. फोटो बघून मला बरं वाटलं होतं. बाबांना हात धरून मी पोस्टापर्यंत चालवतही नेलं. म्हटलं, पायांना सवय व्हावी. त्यांनी दाराची बिजागरी तपासली आणि ‘चालेल’ म्हणाले.

चूक उघडी पडली ती आमच्या नकाशेवाल्या बाईंमुळे. समितीसमोर ठेवायला त्या माझ्या तक्त्यावरून रंगीत नकाशा करतात, जास्त माणसं तिथे गडद रंग, कमी तिथे फिका. उताराकडची सगळी वस्ती पांढरीशुभ्र आली. तो डोंगरउतार तुला माहीत आहे, जिथे रस्ताच नाही, नुसते जिने आहेत. बाई म्हणाल्या, ‘उतारावर म्हातारं माणूस एकही नाही वाटतं. पायऱ्या चढून चढून चांगली तब्येत राहत असेल!’ मी हसले. हसतच घरी निघाले आणि बसमध्ये हसू गेलं. उतारावर शून्य कसं असेल?

घरी येऊन शीट उघडली आणि कपाळाला हात लावला. बेरीज करताना शीटला चांदणी हा आकडा वाटतच नाही, ती तिला शून्य धरून पुढे जाते. चूक दाखवत नाही, लाल होत नाही, गपचूप पुढे जाते. आपल्या भागात एकेक गट म्हणजे अख्ख्या इमारती, त्यामुळे आकडे मोठे आणि चांदण्या जवळजवळ नाहीतच. उतारावर मात्र पायऱ्या चढून चढून गणकाचा दम निघतो, म्हणून तिथले गट मुळातच इवले इवले पाडलेत. प्रत्येक गटात थोडी थोडी माणसं, म्हणून प्रत्येकावर चांदणी, आणि प्रत्येक चांदणीचं मी शून्य केलेलं. थोडी थोडी माणसं एवढ्या गटांमध्ये मिळून किती झाली असतील ते मी मोजलंच नव्हतं. इतकी वर्षं हेच काम करणाऱ्या बाईने ही चूक केली, आणि तीही घाईत, कारण बेरीज मला हवी तशी आली होती.

आता तुला खरं सांगते. मी शीट बंद केली आणि कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. साहेबांना कळणार नव्हतं, समितीला तर जन्मात कळलं नसतं. नकाशेवाल्या बाईंना मी म्हणाले की उतारावर पांढऱ्याऐवजी करडा रंग द्या, ‘माहिती उपलब्ध नाही’ असा. खोटंही नव्हतं ते. मला राग येत होता रे. उतारावरच्यांचा नाही, सगळ्याचाच. म्हटलं, आयुष्यात एकदा काहीतरी माझ्या दारासमोर येतंय तर येऊ दे की. कोणाचं घर लुटत नाहीये मी. आंघोळ घालताना बाबा हात झटकत होते, पाणी माझ्या अंगावर, आणि मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी घाबरून डोळे मिटून घेतले. त्यानंतर मी साइटवर पुन्हा लॉगिन केलं. पुण्य म्हणून नव्हे, उताराचा विचार डोक्यातून जाईना म्हणून.

बरेच गट एकत्र जोडले की चांदणी जाते आणि एकत्रित आकडा दिसतो. पण जोडायलाही मर्यादा. साइट एका वेळी मोजकेच गट जोडू देते आणि तेही एकमेकांना चिकटलेले हवेत. उतारावरचे गट मधल्या ओढ्याने तुटलेले. ओढ्यापलीकडे जायचं तर खालचा मोठा गट घ्यावा लागतो, आणि त्यात विद्यार्थ्यांची वसतिगृहं येतात. मग उताराचा वेगळा आकडा उरतच नाही. मदतीच्या फोनवर एक गोड आवाजाची बाई होती. ती दर वेळी म्हणायची, ‘मॅडम, ही मर्यादा नागरिकांच्या खासगीपणासाठी आहे.’ मी म्हटलं, ‘बाई, माझ्या वडिलांचा खासगीपणा मी उद्या तुमच्या दारात आणून देते, सांभाळाल का?’ ती हळूच म्हणाली की विशेष तक्त्यासाठी अर्ज करता येतो, पण वेळ लागतो. अर्ज केला. तो दोनदा परत आला, एकदा सहीसाठी आणि एकदा नकाशाची फाइल मोठी झाली म्हणून.

वाट बघत बसण्यापेक्षा म्हटलं स्वतः जाऊन यावं. त्या दिवशी मावशी दवाखान्यात होत्या, म्हणून बाबांनाही घेऊन गेले. जिन्याच्या पायथ्याशी एक बेकरी आहे. बाबा तिथेच बसले, वर चढणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतंच. पाव विकणारी बाई माझ्याच वयाची असेल. तिने बाबांना स्टूल दिलं आणि ते तिच्या शटरची कडी चाचपू लागले तरी काही बोलली नाही. ‘तुम्ही जाऊन या, मी बघते,’ म्हणाली. मी वर चढले. भर दुपार, कामाची वेळ. एका दाराला बाहेरून कडी, आणि आत रेडिओ चालू. पुढच्या दाराला बाहेरून कडी, आत कुणीतरी खोकतंय. त्याच्यापुढच्या दाराच्या फटीतून एक म्हातारा डोळा माझ्याकडे बघत होता. मी ‘नमस्कार’ म्हटलं तर आतून विचारलं, ‘उघडता का?’ मी उघडलं नाही. काय करू शकत होते? तशी दारं मी मोजायला लागले आणि वरच्या वळणावर मोजणं सोडून दिलं.

खाली आले तर बाबा पाव खात होते. बेकरीवालीने सांगितलं की तिची सासू वर असते, तिच्या दारालाही ती अशीच कडी लावून येते. गिऱ्हाईक कमी असलं की पळत वर जाऊन बघते, पुन्हा पळत खाली. ‘आग लागली तर, असं मनात येतं. मग मी दुसरं काहीतरी मनात आणते,’ ती म्हणाली. ‘तुमच्याकडे दिवसा कोण असतं?’ मी म्हटलं, ‘मीच.’ ती म्हणाली, ‘मग तुम्हाला काय सांगायचं.’ तिने पावाचे पैसे घेतले नाहीत. मी कुठल्या कामासाठी आले होते ते तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

विशेष तक्ता आला तेव्हा त्यात उताराचा आकडा आपल्या भागाच्या कितीतरी वर होता. मला आता त्याचं आश्चर्य वाटलं नाही. मी नवा तक्ता केला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि चूक कुठे झाली ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘बाई, पोस्टाच्या जागेचं बोलणं झालंय. आणि तुमच्याच सोयीचं होतं ना ते?’ त्यांना सगळं ठाऊक होतं, बघ. मला वाटायचं त्यांचं लक्ष नसतं. वाईट माणूस नाही तो. मी म्हटलं, ‘सोयीचं होतं, पण चूक होतं.’ एवढंच बोलता आलं. समितीत तर पाच मिनिटं लागली नाहीत. कुणी प्रश्न विचारला नाही, चांदण्यांबद्दल कुणाला ऐकायचं नव्हतं. बेकरीच्या शेजारची बंद गिरणी केंद्रासाठी घ्यायचं ठरलं. मी फार मोठं काही केल्याचा आनंद वगैरे होईल, असं वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. घरी आले आणि बूट न काढता पलंगावर पडून राहिले.

तू म्हणशील, मग बाबांना तिथेच ने की. विचार करून झालाय. जागा तिथल्यांनाच पुरणार नाहीत, आणि यादीत आधी त्याच वस्तीतली माणसं घ्यायची हा नियम मीच लिहिलाय. गाडीची सोय नाही. बाबांना बसमध्ये चढवणं म्हणजे रोजची लढाई, आणि बस दोनदा बदलावी लागते. घरी बाई ठेवून बघितली, एक नव्हे दोन. पहिलीला बाबांनी लिफ्टमध्ये कोंडलं, दुसरी तीन दिवसांनी न सांगता यायची थांबली. आणि खालच्या मावशी या महिन्याच्या शेवटी मुलीकडे राहायला जाताहेत, कायमच्या. त्यांनी हे मला इतक्या अपराधीपणे सांगितलं की मीच त्यांची समजूत काढत बसले. साहेबांचंही पत्र आलंय, घरून काम करायची सवलत पुढच्या महिन्यापासून बंद. परवा सकाळी दूध आणायला जाताना मी बाहेरून कडी लावली. दूध घेतलं, पैसे दिले, आणि तशीच परत फिरले. वर आले तर बाबा दाराशीच उभे होते, आतून कडी शोधत. तेव्हापासून मी दूध आणायला गेलेले नाही.

तेव्हा बारक्या, हे पत्र त्यासाठी आहे. महिना संपायच्या आत ये आणि बाबांना तुझ्याकडे घेऊन जा. चार दिवसांसाठी नाही, मला विसावा म्हणून नाही, राहायला घेऊन जा. चिमणीची खोली तिच्याकडून परत मागावी लागेल, भिंत जांभळी असली तरी त्यांना चालेल. बाईसाहेबांना काय सांगायचं ते तू बघ, हवं तर हे पत्रच वाचायला दे, वर तिच्याबद्दल लिहिलंय तेवढं खोडून. तुमच्या घरात दोन मोठी माणसं आहेत, इथे मी एकटी आहे, आणि माझ्याच्याने आता होत नाही. हे वाक्य लिहायला मला इतकी पानं लागली. आणि आणखी एक सांगून ठेवते. तू न्यायला येशील त्या सकाळी मी त्यांच्या बॅगेतले कपडे काढून परत कपाटात लावायला लागेन. म्हणेन की राहू दे रे, करीन मी कसंतरी, इतके दिवस केलंच की. मला चांगली ओळखतोस तू. त्या सकाळी माझं अजिबात ऐकू नकोस.

तुझी आणि तुझीच,
ताई